होडीतली दुसरी जागा

सरळच सांगते, मला माझ्या वहिनीचा हेवा वाटतो. ती सातवी शिकलेली आहे, मी एम.ए. आहे. आमच्या भोयांच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, आणि पदवी घेऊन परत आलेलीही मीच. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना मला लाज वाटत नाही. तरी हेवा तिचाच. कारण आबांच्या होडीत दोनच माणसं बसतात, आणि त्यातली दुसरी जागा तिची आहे.

आबा म्हणजे माझे वडील. नेवासे तालुक्यात गोदावरीला धरणाचं पाणी जिथवर फुगून येतं, त्या काठावर आमचं घर. होडी पत्र्याची, लहान. एकानं वल्हं मारायचं, एकानं जाळं सोडायचं. आधी वल्हं आईच्या हातात असायचं. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना आई गेली. भाऊ तेव्हाच नागापूरच्या एका कंपनीत लागला होता आणि त्याला पाण्याची ओढ कधीच नव्हती. मला पोहता येत होतं, माझ्या दंडात जोर होता. मला वाटलं, आता आबा मला हाक मारतील. आबा म्हणाले, "तू परीक्षेचं बघ."

महिन्या-दीड महिन्यानं बघते तर वहिनी वल्हं मारतेय. ही जामखेडकडची. तिच्या माहेरी भोई म्हणजे फक्त दाखल्यावर, बाप टेम्पो चालवायचा. लग्न होऊन आली तेव्हा एवढं पाणी बघून काठावरून दोन पावलं मागं सरकली होती आणि आम्ही सगळे हसलो होतो. तीच.

हे इतक्या वर्षांनी मनात का राहावं, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण आमच्या घरातली रीत. माशाचं बोलणं पाण्यावर करायचं, जमिनीवर नाही. कोणत्या खडकापाशी काय लागतं, कोणत्या वाऱ्याला जाळं कुठं सोडायचं, हे घरात तोंडातून काढायचं नाही. आजोबांच्या काळात एका चुलत्यानं दुसऱ्याची जागा ओट्यावर बसून ऐकली आणि पहाटे त्याच्याआधी तिथं जाळं टाकलं, डोकी फुटली, तेव्हापासून म्हणे. आता भांडायला चुलते राहिले नाहीत, त्यांची पोरं कुणी ऊसतोडीला गेली, कुणी कंपनीत. रीत मात्र राहिली. त्यामुळे होडी काठाला लागायची तेव्हा आबा आणि वहिनी दोघंही बोलून मोकळे झालेले असायचे. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली. "काय झालं आज?" म्हणून विचारलं की आबा म्हणायचे, "काय न्हाई. वारं गार हुतं." आणि वहिनी पदराआड हसायची. त्या हसण्यानं माझ्या अंगाची आग व्हायची. अजून होते.

आता मी लग्न होऊन तालुक्याच्या गावी असते, तिथं एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. मागच्या थंडीत आमच्याकडे एक माहितीपट दाखवायचं ठरलं. परदेशातल्या नद्या, त्यांच्यावरची धरणं आणि त्यामुळे कमी होत गेलेला सामन मासा, असा विषय. नद्यांवर काम करणारे पुण्याचे एक सर तो घेऊन येणार होते. त्यांची एकच अट, नदीकाठचे शेतकरी आणि मासे धरणारे लोक समोर पाहिजेत. माहितीपट इंग्रजीत. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, माईकवरून मराठीत तुम्ही सांगायचं. तुमच्याशिवाय कोण आहे?"

आठवडाभर मी तो लॅपटॉपवर थांबवून थांबवून बघितला. वही भरून टिपणं काढली. मग घरी फोन केला. "आबा, मी बोलणार आहे माईकवर. दोन-अडीचशे लोक असतील. या." वहिनीला ये म्हणाले नाही. मुद्दाम नाही म्हणाले.

ती आली. सोनईच्या बाजारात मासळी सकाळीच विकून, हातपाय धुऊन, ठेवणीतली साडी नेसून आली. मामांना एकट्याला कसं धाडायचं, म्हणे. सासऱ्याला ती मामा म्हणते. चौथ्या रांगेत आबांच्या शेजारी बसली.

हॉलचे पडदे ओढले आणि माहितीपट सुरू झाला. थंड मुलखातली नदी, काठाला सुरूसारखी उंच झाडं. मी सांगायला लागले. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो, आणि अंडी घालायची वेळ आली की जिथं जन्मला त्याच नदीत उलट्या धारेनं चढत येतो. माझा आवाज चांगला लागला होता. मलाच कळत होतं की चांगला लागलाय. मी आबांकडे बघितलं. आबांचा कान वहिनीकडे होता.

ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती. पडद्यावर माशांचा थवा एका भिंतीखाली घुटमळत होता. वहिनीचा आवाज चढला, "आता बघा मामा, पान्याला जिकडं जोर हाय तिकडंच वळत्याल." माझं वाक्य वहीतून तोंडात यायच्या आत मासे तिकडं वळले. भिंतीच्या कडेनं त्यांच्यासाठी पायऱ्या केलेल्या होत्या, पायरी-पायरीनं पाणी खाली येत होतं. "ह्या पायऱ्या त्यास्नी घावायच्या न्हाईत," वहिनी म्हणाली, "भिंतीखाली लई खळबळ हाय." आणि मग माझी टिपणी: बऱ्याच माशांना पायऱ्यांचं तोंड सापडत नाही. पुढच्या रांगेतली दोन माणसं मान वळवून तिच्याकडे बघायला लागली. मी माईक तोंडाच्या आणखी जवळ घेतला.

शेवटी शेवटी त्या लोकांनी एक जुनं धरण पाडलं. सुरुंगाचा धूर, आणि कोंडलेलं पाणी सुटलं. मी इथं थोडी थांबणार होते, लोकांच्या मनावर परिणाम व्हावा म्हणून. परिणाम झाला. पहिल्या रांगेतले टोपीवाले ऊसवाले आजोबा उठूनच उभे राहिले. "आरं पाडलं? भरल्यालं धरान पाडलं?"

"खालच्या तालुक्यांनी कोर्टात जाऊन पाडाया लावलं आसंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"मंग आवर्तनाचं काय? उसाला पानी कोन देनार, मासं?"

सगळा हॉल हसला. पुण्याचे सर पण हसले. मी "शांत राहा, शांत राहा" म्हणत राहिले. कालव्याला पाणी सुटायची वाट बघत ज्यांची सगळी उमर गेली त्यांना धरण पाडलेलं बघवत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. आमचंही तेच. आबांची रोजची जाळी धरणाच्या पाण्यातच पडतात.

दिवे लागले. समारोपाचं मी स्वतः लिहून आणलं होतं, पाठ केलं होतं. मी म्हणाले, "समुद्र आणि नदी असा प्रवास करणारा मासा आपल्या भागात नाही. त्यामुळे हे दुःख आपल्याला परकं वाटेल. तरीही..."

"हाय की," चौथ्या रांगेतून आवाज आला. "म्हंजी, हुता."

वहिनीला बहुतेक आबांपुरतंच बोलायचं होतं. पण हॉल शांत होता आणि आवाज सगळीकडे गेला. माझं "तरीही" तसंच राहिलं. सर खुर्चीतून पुढे झाले. "कोणता मासा, ताई?"

ती उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. "अहिर. सापावानी लांब आस्तो, दंडायेवढा जाड. वाम येगळी, अहिर येगळा. वामीच्या पाठीला काटं आस्त्यात, ह्याला न्हाईत. ह्याचं त्या फिल्मितल्या माशाच्या उलटं. त्यो अंडी घालाया नदीत येतो, आन ह्यो नदीतनं समुद्राला जायाचा."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"पोटात गाभोळी घावायची न्हाई ना कदी. समद्या माशांच्या पोटात मिरगाला गाभोळी आस्ती. अहिर कितीबी मोठा कापा, आत काय न्हाई. आन पिल्लं यायची ती बारकी, करंगळीयेवढी, पाऊस लागला की वल्या दगडाला धरून वर चढायची. मंग अंडी कुटं घातली? हितं तर न्हाई. मामांनी बघितल्यात. म्या न्हाई बघितला, म्या यायच्या आदीच संपला."

सर स्टेजवरून खाली उतरून तिच्यापर्यंत गेले. मग मोबाईल निघाले, पोरं भोवती जमली, ऊसवाले आजोबासुद्धा "व्हय व्हय, आमच्या लहानपनी हुता, कातडं निसरडं" म्हणत तिथं जाऊन उभे राहिले. मी माईक हातात धरून स्टेजवर होते. तो चालूच होता. माझा श्वास स्पीकरमधून ऐकू येतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

अपमानापेक्षा एक गोष्ट जास्त झोंबली. मी त्याच घरात जन्मले. अहिर हा शब्द मी लहानपणी ऐकला असेल, पण हे गाभोळीचं, ओल्या दगडांचं, यातलं अक्षरही मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला मात्र सांगितलं होतं.

कॉलेजच्या फाटकाबाहेर आबा थांबले होते. चेहरा उतरलेला. वहिनी जवळ आली तसे म्हणाले, "होडीतलं बोलनं हॉलात काडलंस?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले, आणखी काय बोलतात ते ऐकायला.

वहिनीनं मान खाली घातली नाही. "मामा, मासाच ऱ्हायला न्हाई. आता कुनापासून लपवायचं?"

आबा रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीकडे बघायला लागले. तेवढ्यात सर धावत आले. उद्या रविवार, सकाळी काठावर येतो, आबांच्या तोंडून ऐकायचंय, रेकॉर्ड करायचंय. आबा म्हणाले, "या. पर जे बोलीन ते पान्यावं."

रविवारी उजाडता उजाडता मी माहेरी पोहोचले. नवऱ्याला सांगितलं, कॉलेजचं काम आहे. पाण्यावर धुकं होतं. सर टोपी घालून, छोटा रेकॉर्डर घेऊन आधीच आलेले. आबा होडीत जाळं रचत होते, वहिनी वल्हं घेऊन उभी. सर होडीकडे बघून म्हणाले, "मी आबांबरोबर बसतो. वल्हं आबा मारतील ना?"

म्हणजे पुन्हा मी काठावर. काल स्टेजवर, आज काठावर. मी म्हणाले, "सर, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"मग नको. होडी गळते जरा. मी जाते, मी सगळं विचारून घेते आणि तुम्हाला व्यवस्थित लिहून देते."

होडी गळत नव्हती. वहिनीनं दिवाळीनंतर स्वतःच्या हातानं तिला डांबर लावलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं. तिनं एक शब्द काढला असता तर माझी लाज सरांसमोर गेली असती. ती म्हणाली, "व्हय सर. गळतीया जरा. पाय भिजत्याल तुमचं." आणि वल्हं माझ्या हातात दिलं.

त्या क्षणी तिचा मला जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. तिनं मला खोटं पाडलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

वल्हं मारायला मला येत नव्हतं. नदीकाठची मुलगी मी, होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. काठावरून वहिनी ओरडत होती, "वन्सं, उजवीकडं नका वढू! मनगट वळवा! आवो मनगट!" मला ती वन्सं म्हणते, नवऱ्याची बहीण म्हणून. सर हसत होते. आबांनी जाळ्यातून डोकं वर काढलं. "ती काय सांगती ते ऐक."

"तुम्ही सांगा ना," मी म्हणाले.

आबा जाळं सोडून माझ्याकडे तोंड करून बसले. माझ्या मुठीवर हात ठेवून वल्हं अर्धं वळवून दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा होडी सरळ निघाली. काठ मागं पडला, वहिनीचा आवाज पुसट झाला, आणि मी पहिल्यांदा आबांबरोबर पाण्यावर होते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

"अहिराचं सांगा," मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं. जाळं सोडता सोडता, माझ्याकडे न बघता. धरण झालं त्यानंतर पिल्लं यायची थांबली. पण आधी आलेले होते ते राहिले. ते वाढत गेले, मोठे मोठे झाले. आभाळ भरून आलं, पाणी गढूळ झालं की ते खाली जायला निघायचे आणि परत यायचे, दर वर्षी. जायला वाट नव्हती. आबांना शेवटचा मिळाला तो होडीच्या रुंदीएवढा लांब होता, डोळे मोठे झालेले. मी तेव्हा रांगत होते. आजोबांनी त्याला हात लावून बघितला आणि सोडायला लावला. "म्हातारा म्हनला, सोड त्याला, लई दिस वाट बघतोय." आबांनी सोडला. नंतर कधी दिसला नाही.

संपलं. एवढंच. दोन-तीन मिनिटं. मी वीस वर्षं ज्या बोलण्यासाठी जळत होते ते दोन-तीन मिनिटांत संपलं. आबा पुढची बाटली, जाळ्याला तरंगायला बांधतात ती, पाण्यात सोडायला लागले.

"मला का नाही सांगितलं कधी?"

"तू कुटं होडीत हुतीस?"

"का नव्हते? आई गेली तेव्हा मला का नाही बसवलं?"

आबा बराच वेळ जाळ्याचा गुंता सोडवत राहिले. गुंता नव्हता. "बसली आसतीस तर उतरली नसतीस," ते म्हणाले. "तुझी आई बी अशीच. मला ठावं हुतं."

"आणि वहिनी?"

"तिला म्या कुटं बसवली? येक दिस वल्हं घिऊन हुबी ऱ्हायली. म्हनली, चला. भ्यालेली हुती. म्या न्हाई म्हनायच्या आत बसली पन."

आबांनी माझ्यासाठी ठरवलं याचा राग आला. ते बरोबर ठरवलं याचाही आला. आणि मी पायरीवर बसून हाकेची वाट बघत होते त्या महिन्या-दीड महिन्यात, पाण्याला भिणारी ती मात्र न विचारता जाऊन बसली, याचा तर सगळ्यात जास्त आला. माझी जागा कुणी काढून घेतली नव्हती. ती रिकामी होती.

काठावर आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं, शेवटच्या अहिराचंही, माझ्या चांगल्या मराठीत. सरांनी लिहून घेतलं. वहिनी तोंडाला पदर लावून ऐकत होती. मी चुकले की तिचे ओठ हलायचे, पण तिनं मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी सरांनी विचारलं, माहिती कोणाकडून मिळाली म्हणून लिहू? गाडीत येताना मी ठरवलं होतं, आबांचं आणि माझं. मी आबांचं सांगितलं. मग वहिनीचं. माझं राहू दे म्हणाले. सर म्हणाले, "अहो, शब्द तुमचे आहेत." मला तेवढं पुरलं नाही, पण मी वाद घातला नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. आबांना फोन केला नाही, विचारलं नाही. वल्हं घेतलं आणि म्हणाले, "चला." तेव्हापासून रविवार माझा. बाकीचे सहा दिवस तिचे, आणि त्या सहा दिवसांत काय बोलणं होतं याचा विचार वर्गात कविता शिकवतानाही माझ्या डोक्यात येतो. हेवा गेला असं मी म्हणणार नाही.

पण रविवारी होडी काठाला लागली की वहिनी तिथं आधीपासून उभी असते. हातातलं काम टाकून आलेली. मी विचारायचे तसं काय झालं आज, हे ती विचारत नाही. आम्ही उतरलो की ती जाळं ओढून घेते, बाटल्यांच्या गाठी बघते, मी मारलेली गाठ दिसली की तोंड वाकडं करते, सोडते आणि पुन्हा मारते. एकेक गाठ. पहिले दोन रविवार मला वाटलं, चुकली असेल माझी. आता येतात मला गाठी. माझी गाठ बरोबर असते.

मी तिला सोडू देते.